उर्फ : नाव तेच, ठिकाण निराळे

आपण आपल्या गावाचे पूर्ण नाव सहसा घेत नाही. नुसते 'बोर्ली' म्हणतो. दिवेआगरला, श्रीवर्धनच्या एस.टी. स्थानकावर किंवा म्हसळ्याच्या नाक्यावर 'बोर्लीला जायचे आहे' एवढे म्हटले की पुरते, 'कोणत्या बोर्लीला?' असे कोणी विचारीत नाही. हाच माणूस दिघीहून राजपुरीची खाडी ओलांडून मुरुडला गेला आणि तेच वाक्य बोलला, तर ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे बोर्ली मांडला उभी राहते, रेवदंड्याच्या रस्त्यावरची. बोलणारा तोच आणि शब्दही तोच. पण पायाखालची जमीन बदलली आणि शब्दाने बोट दुसरीकडे दाखविले. 'पंचतन' आणि 'मांडला' ही शेपटे जुन्या लोकांनी हौसेने जोडलेली नाहीत.

आज आम्ही ज्या विषयावर बोलणार आहोत तो वरवर पाहता पुण्या-मुंबईच्या संगणक-कंपन्यांत काम करणाऱ्या तरुणांचा आहे. तुमच्यापैकी कित्येकांची मुले-सुना त्या कामात आहेत, आणि 'तू नेमके काय करतोस?' या प्रश्नाला ती जे उत्तर देतात ते आपल्याला नीट कळत नाही, हेही आम्ही जाणतो. परंतु त्या कामाचा एक मोठा भाग म्हणजे नावांचा हिशेब ठेवणे होय. कोणते नाव कोणत्या जागी कशाकडे बोट दाखविते, आणि ते बोट बदलले तर कोणाकोणाला कळवायचे, हा तो हिशेब. इंग्रजीत या नावांना 'एलियास' म्हणतात. आपल्या कोर्टकचेऱ्यांत त्यासाठी फार जुना आणि सुटसुटीत शब्द आहे : उर्फ. तो मूळचा अरबी. जाणणे, ओळखणे या अर्थाच्या धातूपासून आलेला. 'अमुक उर्फ तमुक' म्हणजे अमुक म्हणून नोंदलेला, पण तमुक म्हणून ओळखला जाणारा. या उर्फचा इतिहास संगणकाहून पुष्कळ जुना आहे, म्हणून आम्ही सुरुवात बाजारातून करतो.

मेट्रिक पद्धती येण्यापूर्वी आपल्या देशात वजनांची नावे थोडी होती आणि वजने असंख्य होती. शेर, मण आणि खंडी ही नावे अर्ध्या हिंदुस्थानात चालत. चाळीस शेरांचा मण आणि वीस मणांची खंडी, हे कोष्टक मुंबईच्या व्यापाऱ्याला जसे पाठ तसेच बंगालच्या व्यापाऱ्यालाही मणापर्यंत पाठ. दोघांचे कोष्टक जुळे, आणि म्हणूनच घोटाळा होई. मुंबईचा मण २८ पौंडांचा, म्हणजे आजचे सुमारे १२.७ किलो, मद्रासचा सुमारे २५ पौंडांचा, आणि बंगालचा, जो पुढे रेल्वेने सर्वत्र धरला, तो ८२ पौंडांहून थोडा अधिक, म्हणजे सुमारे ३७.३ किलोंचा. मुंबईच्या सुमारे तिप्पट! ज्याने पत्रात 'शंभर मण पाठवा' एवढेच लिहिले, त्याने वस्तुतः काहीच लिहिले नव्हते. खुद्द मुंबईत तरी एकवाक्यता असावी, तर तेही नाही. सर्वसाधारण मालाची खंडी ५६० पौंडांची आणि कापसाची ७८४ पौंडांची. एका शहरात, एकाच रस्त्यावर दोन दुकाने पुढे गेले की खंडी बदले. कापसाच्या बाजारात ही दुसरी खंडी अद्याप मेलेली नाही. आजही भाव खंडीला सांगतात आणि ती ३५६ किलोंची धरतात. १९५६ साली वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ पासून किलोग्रॅम हळूहळू बाजारात आला, तेव्हा शासनाने कोणत्याही एका प्रांताचा मण थोर ठरविला नाही, सगळेच मण निवृत्त केले. हा शहाणपणा आम्हांला मोठा वाटतो. एखादे नाव फार ठिकाणी फार अर्थांनी रुजले म्हणजे त्याला सुधारीत बसण्यापेक्षा नवे नाव आणणे स्वस्त पडते.

याच्या उलट प्रकारही आपल्या घरात आहे. आपण गोकुळाष्टमी श्रावण वद्य अष्टमीला करतो. उत्तरेकडे तीच तिथी भाद्रपद कृष्ण अष्टमी म्हणून पंचांगात छापलेली असते, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो आणि आपला अमावास्येला. दिवस एकच, आकाशातला चंद्र एकच, महिन्याची नावे दोन. यात कोणाचा उपवास चुकत नाही. कारण मण पाठविणारा आणि घेणारा दोन गावांत असतात, तर पंचांग ज्याचे त्याच्या घरातच टांगलेले असते. नाव सीमा ओलांडते तेव्हा त्याचा अर्थ त्याच्याबरोबर जाईलच असे नाही.

आता आपल्या गावाचा पत्ता पाहा. १९४८ च्या मार्चपर्यंत बोर्ली पंचतन हे जंजिरा संस्थानातले गाव होते. 'जंजिरा' हेही पुन्हा एक सामान्यनामच. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बेट. मराठी कागदांत सुवर्णदुर्गालाही जंजिरा म्हटले आहे आणि विजयदुर्गालाही, म्हणून आपल्या शेजारच्या जंजिऱ्याला मुरुडची जोड द्यावी लागली. संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि गाव कुलाबा जिल्ह्यात आले; कुलाबा म्हटले की मुंबईकराला मुंबईचे दक्षिण टोक आठवावे आणि अलिबागकराला समुद्रातला किल्ला, ही गंमत निराळीच. १ मे १९६० रोजी राज्याचे नाव महाराष्ट्र झाले. १ जानेवारी १९८१ पासून जिल्ह्याचे नाव रायगड झाले. इतक्या अवधीत गाव एक पाऊलही हलले नाही. विहिरी, वाड्या, देवळे होती तेथेच राहिली. पण एखाद्या घरच्या पेटीत संस्थानी काळाचा कागद, कुलाबा जिल्ह्याचे खरेदीखत आणि रायगड जिल्ह्याचा सातबारा असे तीन कागद निघाले, तर ते एकाच जमिनीचे आहेत हे परक्या माणसाला कोणीतरी समजावून सांगावे लागते. तीन नावे एकीकडे, जमीन दुसरीकडे, आणि मध्ये 'पूर्वीचे ते, आताचे हे' अशी एक यादी, कोणाच्या तरी डोक्यात किंवा दप्तरात. ती यादी हरवली की जमीन जागेवर असूनही हरवते.

अशा यादीचे सर्वांत सुंदर काम आमच्या मते टपालखात्याने केले. १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिन क्रमांक सुरू झाले. त्यामागचे डोके श्रीराम भिकाजी वेलणकर यांचे, हे आपल्याकडे पुरेसे ठाऊक नाही. हे गृहस्थ रत्नागिरी जिल्ह्यातले, टपाल-तार खात्यातले मोठे अधिकारी, आणि संस्कृतचे कवी! एकाच नावाची अनेक गावे, अनेक लिप्यांत लिहिलेले पत्ते आणि अपुरी अक्षरे, या तिहेरी अडचणीवर त्यांनी सहा आकड्यांचा तोडगा काढला. पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, दुसरा उपविभाग, तिसरा टपालाची वाटणी करणारा जिल्हा आणि उरलेले तीन वाटप करणारे कार्यालय. आपल्या किनाऱ्यावरचे क्रमांक ४०२ ने सुरू होतात हे तुम्ही रोज पाहता. आता कोणी 'बोर्ली'पुढे पंचतन लिहावयास विसरला तरी आकडा गावाला सांभाळून घेतो.

पण त्या योजनेत ९ हा आकडा निराळा ठेवला आहे. तो कोणत्याही भूभागाचा नाही. तो सैन्याच्या टपालाचा आहे. कोकणातून सैन्यात गेलेल्यांची घरे थोडी नाहीत, आणि त्या घरांत '५६ ए.पी.ओ.' किंवा '९९ ए.पी.ओ.' हा पत्ता परिचयाचा आहे. शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटणीचे नाव आणि मार्फत ५६ ए.पी.ओ.; बस्स. पलटण आज लडाखात असेल, उद्या राजस्थानात, परवा आणखी कोठे. आईने पत्ता बदलावयाचा नसतो, बोर्लीच्या पोस्टमनला तर ठिकाण कळावयाचेही नसते. कळू नये हाच हेतू. पत्र दिल्लीच्या किंवा कलकत्त्याच्या तळ-कार्यालयात जाते आणि तेथे, फक्त तेथे, आज कोणती पलटण कोठे आहे याची यादी असते. पलटण हलली की त्या यादीतली एक ओळ बदलते. हजारो घरांतल्या हजारो वह्यांत लिहिलेला पत्ता न बदलता खरा राहतो. संगणकाच्या लोकांनी पुढे जे साधले त्याचा सगळा सांगाडा येथे आहे : नाव स्थिर, ठिकाण चल, दोहोंना जोडणारी यादी एका जबाबदार हातात.

आता संगणकाकडे वळू. त्या कामाची कल्पना यावयास नाटक मंडळीचे उदाहरण बरे. नाटकाची आधी तालीम होते, मग रंगीत तालीम आणि मग प्रयोग. संहितेत 'राजा तलवार उपसतो' असे लिहिलेले असते. तालमीत ती तलवार म्हणजे हाताशी आलेली काठी असते, रंगीत तालमीत चंदेरी कागद लावलेली लाकडी पट्टी, आणि प्रयोगात सामानाच्या पेटीतली खरी वाटणारी तलवार. संहिता तिन्ही वेळी तीच राहते; 'तलवार' या नावाने काय हाती द्यावयाचे ते सामान सांभाळणाऱ्याच्या यादीत असते. संगणकाच्या प्रोग्रॅमचीही अशीच तीन घरे असतात : जेथे तो लिहितात, जेथे तो पारखतात आणि जेथे लोक त्याच्यावर खरे व्यवहार करतात. प्रोग्रॅममध्ये 'खातेवही' एवढेच नाव असते. लिहिण्याच्या घरी ते नाव खोट्या दहा खात्यांकडे बोट दाखविते, प्रत्यक्ष व्यवहाराच्या घरी बँकेच्या लक्षावधी खऱ्या खात्यांकडे. ही यादी चुकली तर तालमीतला नट खऱ्या तलवारीने वार करील, किंवा प्रयोगाच्या ऐन प्रसंगी राजाच्या हाती काठी येईल. दोन्ही प्रकार त्या धंद्यात घडतात.

ही सोय एका दिवसात आली नाही. आरंभीच्या यंत्रांत प्रत्येक गोष्ट तिच्या जागेच्या आकड्यानेच सांगावी लागे. एक सूचना मध्ये घुसविली की पुढचे सगळे आकडे सरकत. म्हणून आकड्यांऐवजी नावे वापरावयाची आणि नावांचे आकडे यंत्रानेच करावयाचे, ही युक्ती १९५० च्या आगेमागे निघाली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली 'टिफ्रॅक' हे आपल्या देशात घडविलेले यंत्र कामास लागले, ते याच पिढीतले. १९६४ साली आय.बी.एम. कंपनीने आपली ३६० या नावाची यंत्रमाला जाहीर केली, आणि तिच्याबरोबर आलेल्या व्यवस्थेत एक महत्त्वाची गोष्ट होती. प्रोग्रॅम फायलीला केवळ एका आतल्या नावाने हाक मारी. ते नाव म्हणजे आज कोणती चुंबकीय फीत, हे भोके पाडलेल्या एका स्वतंत्र पत्त्यावर लिहून प्रोग्रॅमबरोबर यंत्राला देत. पगारपत्रकाचा प्रोग्रॅम न बदलता या महिन्याची फीत, गेल्या महिन्याची फीत किंवा चाचणीची फीत लावता येई. १९७९ साली बेल प्रयोगशाळेच्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत हेच काम पत्त्याऐवजी भोवतालच्या 'वातावरणा'तून नावे पुरवून होऊ लागले, आणि २०११ साली ॲडम विगिन्स याने हेरोकू कंपनीतल्या अनुभवावरून जे बारा नियम लिहिले त्यांत हा एक स्पष्ट नियम झाला : घरागणिक बदलणारी गोष्ट प्रोग्रॅमच्या आत लिहू नये, बाहेरच्या वातावरणातून घ्यावी.

यंत्रे तारांनी जोडली गेली तेव्हा तर सगळा टपालखात्याचाच इतिहास पुन्हा घडला. अमेरिकेतल्या आर्पानेट या जाळ्यावरच्या यंत्रांच्या नावांची एकच यादी होती आणि ती कॅलिफोर्नियात एलिझाबेथ फाइन्लर या बाईंच्या हाताखालच्या कचेरीत ठेवलेली असे. नवे यंत्र आले की त्यांना कळवावयाचे, त्या यादीत घालणार, मग प्रत्येकाने ती यादी उतरवून घ्यावयाची. यंत्रे थोडी होती तोवर हे ठीक चालले. पुढे यादी सर्वांपर्यंत पोहोचेतो जुनी होऊ लागली. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस याने नावांची नवी व्यवस्था मांडली. तीत यादी एका हाती न ठेवता ज्याची त्याच्याकडे वाटून दिली आणि एका नावाला दुसऱ्याचे उर्फ म्हणून नोंदण्याची सोय प्रथमपासूनच ठेवली. पण आम्हांला त्या व्यवस्थेतली एक बारीकशी गोष्ट सर्वांत शहाणी वाटते. प्रत्येक उत्तरासोबत ते किती सेकंद खरे धरावे हेही लिहिलेले असते. मुदत संपली की पुन्हा विचारा. जंजिरा संस्थानच्या कागदावर 'हा पत्ता अमुक वर्षापर्यंतच खरा' असे लिहिण्याची सोय कोणाला होती?

मुदत न लिहिलेल्या जुन्या नावाने काय होते, याचे उदाहरण नाइट कॅपिटल या अमेरिकन दलाली कंपनीचे आहे. न्यूयॉर्कच्या शेअरबाजारात १ ऑगस्ट २०१२ रोजी एक नवी योजना सुरू व्हावयाची होती. त्यासाठी कंपनीने आपला प्रोग्रॅम बदलला. जुन्या प्रोग्रॅममध्ये एक खूण होती. ती लावली की 'पॉवर पेग' नावाचे काम सुरू होई. ते काम २००३ पासून कोणी वापरीत नव्हते, पण पुसलेही नव्हते. नव्या योजनेला खूण हवी होती, तेव्हा तीच जुनी खूण नव्या अर्थाने वापरावयाचे ठरले. प्रोग्रॅम आठ यंत्रांवर बसवावयाचा होता. सातांवर बसला, आठव्यावर राहून गेला. दुसऱ्या कोणी तपासावे असा लेखी नियम नव्हता. आता परिस्थिती पाहा. खूण एकच. सात घरांत तिचा अर्थ 'नव्या योजनेत भाग घे', आठव्या घरात तिचा अर्थ 'पॉवर पेग सुरू कर'. मण तोच, पण एका दुकानात बंगालचा!

साडेनऊला बाजार उघडला. आठव्या यंत्राने मागण्या पाठविण्यास आरंभ केला आणि तो थांबेना, कारण मागणी पुरी झाली की थांबा असे सांगणारा मोजमापाचा भाग २००५ साली दुसरीकडे हलविलेला होता. गिऱ्हाइकांच्या २१२ मागण्यांपोटी चाळीस लाखांहून अधिक सौदे झाले, १५४ कंपन्यांच्या शेअरांत. अडचण शोधताना माणसांनी जे केले ते आम्हांला या सगळ्या हकीकतीत सर्वांत मनुष्यस्वभावाला धरून वाटते. नवा प्रोग्रॅमच बिघडला असणार अशा समजुतीने त्यांनी तो सात चांगल्या यंत्रांवरून काढून टाकला. त्याबरोबर त्या सातही घरांत खुणेचा जुना अर्थ परत आला आणि आठही यंत्रे एका सुरात चुकू लागली. सुमारे ४५ मिनिटांत हे घडले. नुकसान ४६ कोटी डॉलरांहून अधिक. अमेरिकेच्या रोखे-नियामक आयोगाने ऑक्टोबर २०१३ मध्ये वर १ कोटी २० लाख डॉलर दंड बसविला. तोपर्यंत कंपनी दुसऱ्या एका कंपनीत विलीन झालेली होती. आयोगाच्या आदेशात एक बाब नमूद आहे : त्या सकाळी बाजार उघडण्यापूर्वी कंपनीच्या यंत्रणेने स्वतःहून आपल्या माणसांना ९७ ई-पत्रे पाठविली होती आणि त्यांत पॉवर पेगचे नाव होते. इशारा म्हणून ती पत्रे योजलेली नव्हती, म्हणून ती कोणी इशारा म्हणून वाचली नाहीत.

अशा गोष्टी ऐकल्यावर या धंद्यातली माणसे काय खबरदारी घेतात हे विचारणे साहजिक आहे. नावे सर्व घरांत तीच ठेवावयाची आणि बोटे तेवढी घरागणिक बदलावयाची, हे आता बहुतेक ठिकाणी पाळतात. प्रत्येक घराची यादी लेखी असते, तिच्यात कोणी केव्हा काय बदलले याची नोंद राहते, आणि बदल दुसऱ्या माणसाच्या नजरेखालून गेल्याशिवाय लागू होत नाही. परवलीचे शब्द आणि किल्ल्या त्या यादीत न लिहिता निराळ्या कुलपात ठेवतात. यादीत नाव सापडलेच नाही तर प्रोग्रॅमने अंदाजाने काहीतरी धरून पुढे जावे की जागच्या जागी थांबावे, यावर मात्र अजून वाद होतात. आम्ही थांबणाऱ्यांच्या बाजूचे आहोत. पत्ता अपुरा असेल तर पोस्टमनाने पत्र परत करावे. जवळच्या कोणत्या तरी बोर्लीत टाकून मोकळे होऊ नये. यावर कोणी म्हणेल की थांबलेल्या प्रोग्रॅममुळेही गिऱ्हाईक ताटकळते, आणि ते खरे आहे. पण ताटकळलेले गिऱ्हाईक तक्रार करते, तेव्हा चूक कळते. भलत्या घरी गेलेल्या पत्राची बातमी पुष्कळदा लागतच नाही.

सर्वांत कठीण काम जुनी नावे काढून टाकण्याचे. नवे नाव द्यावयास सगळे पुढे येतात. जुने पुसावयास कोणी धजत नाही, कारण त्या नावाने अजून कोण कोठून हाक मारीत असेल हे सांगता येत नाही. 'कुलाबा' जाऊन 'रायगड' आले तरी त्या आधीच्या खतांवर कुलाबा तसाच राहिला, आणि राहावयासच हवा होता. ती खते पुन्हा लिहिता येत नाहीत. संगणकात मात्र हे करता येते. जुने नाव लगेच न पुसता त्याच्यापाशी एक कारकून बसवावयाचा, म्हणजे अर्थात तेही एक लहानसा प्रोग्रॅमच, आणि दिवसातून किती वेळा त्या नावाने हाक येते ते लिहून घ्यावयाचे. ज्यांच्याकडून हाका येतात त्यांना एकेक करून कळवावयाचे. हाका बंद झाल्या, काही आठवडे शांततेत गेले, वर्षअखेरीचा हिशेबही त्या नावावाचून पार पडला, म्हणजे मग ते नाव काढावयाचे, आणि त्याच अक्षरांचे नाव पुन्हा कशालाही द्यावयाचे नाही. नाइट कंपनीत ती खूण नऊ वर्षे पडून होती.